पाचवी पायरी

१

‘तलावात शोध घेण्यात आला. काही आढळून आले नाही.’

या दोन वाक्यांनी तीन आठवडे माझं डोकं तापवलं होतं. चौतीस वर्षं मी बातमीदारी करतोय. पूल पडले, कारखाने जळले, आणि प्रत्येक वेळी टेबलामागचा कोणीतरी असलीच दोन वाक्यं लिहून मोकळा झाला. कोणी घेतला शोध? कशाने? किती वेळ? या कागदावर तर ‘पाण्याची खोली’ हा रकाना चक्क कोरा होता.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा घरातून नाहीसा झाला होता. शाळेत गणित शिकवायचा. आम्ही सगळे त्याला मास्तरच म्हणायचो, धाकटीसुद्धा. परसात पोहण्याचा तलाव होता, घराबरोबरच आलेला. पाठदुखीवर इलाज म्हणून मास्तर रोज सकाळी त्यात पोहायचा. त्या दिवशी काठावर त्याची चप्पल, घडी घातलेला टॉवेल आणि चष्मा सापडला. मास्तर सापडला नाही. तलाव हिरवागार, शेवाळाने गच्च. पोलिसांनी काठीने ढवळून पाहिलं आणि लिहिलं: स्वतःच्या मर्जीने निघून गेला असावा.

चष्म्याशिवाय ज्याला स्वतःचा अंगठा दिसत नाही, तो माणूस अनवाणी आणि आंधळा निघून जाईल? कुठे?

मी तो कागद अधिकाऱ्याच्या टेबलावर आपटला.

“पाणी हिरवं होतं, साहेब. काही दिसत नव्हतं,” तो म्हणाला. निवृत्तीला आलेला, थकलेल्या डोळ्यांचा माणूस.

“मग ‘दिसलं नाही’ असं लिहा! ‘आढळलं नाही’ कशाला लिहिता? आणि हा रकाना कोरा का?”

“राहिला असेल.”

“काठी घातलीत ना पाण्यात? तळाला टेकल्यावर ती किती भिजली एवढं बघायलाही वरून आदेश लागतो?”

त्याने कागद हळूच स्वतःकडे ओढला. 

“मी तलाव साफ करतोय,” मी म्हणालो. “तळ बघतो आणि माझा जबाब लिहून देतो. तो तुम्ही फायलीला जोडायचा. समजलं?”

“नका करू,” तो म्हणाला.

मी ती धमकी समजलो. मला याच्याहून मोठ्या लोकांनी धमक्या दिल्या होत्या.

२

तलाव उपसून टाकला की झालं, असं मला वाटत होतं. तलाववाल्याने मला वेड्यात काढलं.

“उपसू नका हां, काका! खाली जमिनीत पाणी वर आहे. आतलं पाणी काढलंत तर खालच्या पाण्याच्या जोरावर आख्खं बांधकाम उचलून वर येईल. कागदाच्या होडीसारखं.”

“मग?”

“मग काय, घासा. रोज भिंती घासायच्या, क्लोरीनची पावडर टाकायची, पंप चालू ठेवायचा. हिरव्याचं पांढुरकं होईल, मग वरून खाली हळूहळू निवळेल. चार-पाच दिवस.”

“तुम्हीच या की. दर आठवड्याला येत होता ना?”

“मास्तरांनीच बंद केलं मला. दोन महिने होत आले असतील. म्हणाले, राहू दे हिरवं.” मग त्याने घाईघाईने विषय बदलला. “आणि माझी कंबर धरलीये.”

मास्तर आणि ‘राहू दे’? वहीत दोन बोटं समास सोडला नाही तर पोरांना पान पुन्हा लिहायला लावणारा माणूस! धाकटीही तेच म्हणाली.

“शेवटचा महिनाभर पंपाला हात लावू देत नव्हता. मी लावला की बंद करायचा. मी म्हटलं, डास होतील. तर म्हणाला, होऊ देत.”

पंपाच्या खोपटात मला खताचं पोतं दिसलं, अर्धं संपलेलं. परसात दोन कुंड्या होत्या, त्याही वाळलेल्या. या खताचं तो काय करत होता, असा प्रश्न मला पडला, आणि मी तो सोडून दिला. इतकी वर्षं प्रश्न विचारून पोट भरलं आणि नेमका हा सोडला, याचा राग मला आजही येतो. घासायचा ब्रश मात्र नव्हता. लांब दांडा भिंतीला टेकवलेला होता, त्याच्या टोकाचा ब्रश काढून नेलेला. मी नवीन आणला.

धाकटीने स्वयंपाकघराचा परसाकडचा पडदा ओढला.

“मी बघणार नाही,” ती म्हणाली. “तू बघ. असला आत, तर काय करायचं ते तू कर आणि मला सांग.”

“आणि नसला तर?”

“तर तो मला टाकून गेला. मग त्याचं नाव या तोंडातून निघणार नाही.” ती टेबलावरचा त्याचा चष्मा सारखा पुसत होती. “रस्त्यात बायका थांबून विचारतात, कोणी दुसरी होती का. मी काय सांगू, दादा? तू जे म्हणशील ते मी मानेन. तू कधी खोटं लिहिलं नाहीस.”

३

शेवाळ घासणं हे चीड असलेल्या माणसाला शोभणारं काम आहे. दांडा भिंतीवर दाबायचा, खाली रेटायचा, वर ओढायचा. हिरवे ढग सुटतात आणि पाणी आधीपेक्षा घाण होतं. मी प्रत्येक फटका त्या अधिकाऱ्याच्या नावाने मारत होतो.

उथळ बाजूला, भिंतीला लागून पाण्यात उतरायच्या पायऱ्या होत्या. चार. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण घर घेतलं तेव्हा मास्तरने तलावाचा नकाशा स्वतःच्या हाताने काढून मला दाखवला होता. चार पायऱ्या, मग साडेतीन फुटांवर तळ, तिथून उतरत पलीकडच्या टोकाला आठ फूट.

पावडर टाकण्याआधी कोपरा घासायला म्हणून मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. एक हात काठाला घट्ट धरला, कारण शेवाळावर पाय टाकला की घसरणारच. पाय पाण्यात गेला, दिसेनासा झाला आणि पायरीवर टेकला.

घसरला नाही.

मी तळवा इकडेतिकडे फिरवला. फरशी खरखरीत होती. नुकतीच घासल्यासारखी स्वच्छ. दुसऱ्या पायरीवर पाय टाकला, तीही तशीच. हातभर अंतरावरच्या भिंतीवर बोटं रुततील एवढं शेवाळ, आणि पायऱ्यांवर त्याचा बुळबुळीत थरसुद्धा नाही.

पंपाचं पाणी तिथे येऊन आपटत असेल, मी मनात म्हटलं. पण पंप कधीचा बंद होता. फरशी वेगळ्या जातीची असेल. असेल.

मी पाय बाहेर काढला. का कोण जाणे, लगेच काढला.

४

पाणी किती निवळलं हे मोजायला मी एक पांढरी बशी दोरीला बांधली. फुटाफुटावर गाठी मारल्या. रोज दुपारी ऊन डोक्यावर आलं की पायऱ्यांच्या पुढे बशी सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. पहिल्या दिवशी ती अर्ध्या फुटावर बुडाली. दुसऱ्या दिवशी दोनवर.

आत गेलो की धाकटी विचारायची, “किती?”

“दोन.”

“बरं.” आणि चहाचा कप पुढे सरकवायची. एवढंच आमचं बोलणं.

तिसऱ्या दिवशी पंपाच्या खोपटात फिल्टर धुताना मला नळीतून आवाज आला. खर्र, खर्र, खर्र. मी पंप बंद केला. आवाज चालूच राहिला, नळीच्या आतून, लांबून. खर्र, खर्र... मग थांबला. थोड्या वेळाने पुन्हा. मी मोजलं. सात वेळा खर्र, मग थांबा. पुन्हा सात.

नळीत हवा अडकली की असं होतं, तलाववाला फोनवर म्हणाला.

“हवा मोजून सात वेळा वाजते?”

“काका, तुम्ही पेपरवाले म्हणजे ना...” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी दोन शिव्या हासडल्या, त्याला ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही.

धाकटीला सहज विचारल्यासारखं विचारलं, मास्तर घासायचा कसा?

“कसा म्हणजे? मास्तरसारखा!” ती कितीतरी दिवसांनी हसली. “सात फटके मारायचे, मग थांबून चष्मा वर करायचा. पुन्हा सात. मी म्हणायची, अहो, तो तलाव आहे, पाढा नाही.”

५

त्या दुपारी बशी साडेतीन फुटांवर लख्ख दिसली. चारही पायऱ्या पांढऱ्याशुभ्र. तळ तिथे सुरू व्हायला हवा होता.

तिथे पाचवी पायरी होती.

मी माझा चष्मा पुसला. पाण्यात गोष्टी वर उचलल्यासारख्या दिसतात, खोल दिसत नाहीत. एवढं शाळेचं विज्ञान मला आठवत होतं. मी पुन्हा मोजलं, बोटाने, पहिलीतल्या पोरासारखं. पाच. पाचवीच्या पुढे पाणी अजून गढूळ होतं.

आणि तेव्हा मला तो फोन आठवला.

दोन महिन्यांपूर्वीची दुपार. माझ्या एका बातमीतले चार परिच्छेद कोणीतरी कापले होते आणि मी संपादकाशी भांडून नुकताच बाहेर पडलो होतो. मास्तरचा फोन आला. “दादा, एक विचारू का? हसणार नाही ना? तलावाच्या पायऱ्या नकाशात चार आहेत. मी आज पाच मोजल्या.”

“मास्तर,” मी म्हणालो, “तुम्ही गणित शिकवता ना? पाचपर्यंत येत नसेल तर शिपायाची नोकरी बघा.”

 “धाकटीला नका सांगू,” तो एवढंच म्हणाला. मी फोन कापला.

त्या अधिकाऱ्याला मी विचारलं होतं, खोली का मोजली नाही. मला कोणी विचारलं होतं का, की एका माणसाने मोजून सांगितलं तेव्हा तू काय केलंस?

आत गेलो.

“किती?” धाकटीने विचारलं.

“चार पायऱ्या दिसल्या.”

“म्हणजे आता तळ दिसेलच.”

“हो,” मी म्हणालो.

६

चौथ्या दिवशी सात पायऱ्या होत्या. मी दांडा घेतला, पंधरा फुटांचा, आणि पायऱ्यांच्या पुढे पाण्यात सरळ उभा सोडला. माझा हात कोपरापर्यंत बुडाला, तरी टोक कशालाच टेकलं नाही.

पोलिसांची काठीही टेकली नसणार. त्या माणसाने काठी वर ओढली असेल, कागद समोर घेतला असेल आणि त्या रकान्यापाशी पेन थांबलं असेल. मला त्याचा जास्तच राग आला. कळलं होतं तर बोलला का नाही? ‘नका करू’ म्हणे! नुसतं ‘नका करू’ म्हटलं म्हणून जगात कोणी कधी थांबलं आहे का?

मग थोडा शहाणपणा सुचला आणि मी स्वतःला विचारलं, त्याने सगळं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? मथळा केला असता, त्याच्या फोटोसकट.

मी पंप बंद करायला हवा होता. पण वर्षानुवर्षांची सवय. उद्या तळ दिसेल, असं मी म्हणत राहिलो. काहीही असलं तरी त्याला तळ असणारच.

७

पाचव्या दिवशी भर दुपारी पाणी काचेसारखं झालं होतं. वारा नव्हता. ऊन सरळ खाली जात होतं.

पायऱ्या उतरत गेल्या होत्या. मी अकरापर्यंत मोजल्या, पुढे त्या बारीक होत गेल्या. भिंतींवर अजून शेवाळाचे तपकिरी डाग होते, पायऱ्या मात्र स्वच्छ. वापरातल्या जिन्यासारख्या.

मी बशी सोडली. आठवी गाठ गेली. दहावी गेली. बशी लहान होत गेली, रुपयाएवढी, मग बटणाएवढी. चौदाव्या गाठीला दोरी थांबली. बशी टेकली असती तर दोरी सैल पडली असती. ती ताठ होती. मी हलकेच ओढली. खालून कोणीतरी तितकीच हलकेच ओढली. मी दोरी सोडून दिली.

मग आवाज आला. आता तो नळीतून येत नव्हता. खर्र, खर्र, खर्र.

खाली, जिथे पायऱ्या नुसत्या रेघा होत्या, तिथे एक माणूस गुडघ्यांवर बसून पायरी घासत होता. पाठमोरा नव्हता, डोकं खाली घातलेलं, मधलं टक्कल माझ्याकडे. निळी अर्धी विजार. हातात हरवलेला ब्रश. सात फटके मारून तो थांबला आणि त्याने नाकावरचा चष्मा बोटाने वर केला. नाकावर चष्मा नव्हता. तो आत टेबलावर होता. पाण्यात एक बुडबुडा नव्हता.

त्याने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी चष्म्याशिवाय त्याला मी दिसलो नसतो.

पायरी झाली. तो गुडघ्यांवरच एक पायरी वर सरकला. त्याच्यामागे, त्याने सोडलेल्या पायरीखाली, मला दोन पावलं दिसली. फक्त पावलं. घाई नसलेल्या माणसाची, रांगेत उभा असावा तशी. मास्तर वर सरकला तसं त्यातलं एक पाऊल पुढे आलं आणि नुकत्याच स्वच्छ झालेल्या पायरीवर टेकलं. ते घसरलं नाही.

“दादा!” पडद्याआडून धाकटीचा आवाज आला. “आवाज कसला येतोय? मास्तर घासतो तसा...”

पडद्याची कडी वाजली.

“मी आहे!” मी ओरडलो. “मीच घासतोय! आत थांब!”

माझा ब्रश परसात कोरडा पडला होता. मी धावत जाऊन तो उचलला आणि कोरडी फरशी घासायला लागलो. खर्र, खर्र, खर्र. जीव खाऊन. खालचा आवाज माझ्या आवाजाखाली दडेपर्यंत.

पडदा मागे सरकला नाही.

८

आता सांगायला हवं की मी काय केलं, कारण कर्ता नसलेली वाक्यं मला आवडत नाहीत.

पंप मी बंद केला. कुंड्यांमधली माती मी तलावात ओतली. फिल्टरमधला साठलेला हिरवा गाळ मी बादल्यांनी परत पाण्यात टाकला. आणि खोपटातलं खताचं पोतं ओढत आणून मी पाण्यात रिकामं केलं. खताने शेवाळ वाढतं. मास्तरने पोतं कशाला आणलं होतं, पंप का लावू दिला नव्हता, ते मला तेव्हा कळलं. तो तलाव झाकत होता. बुळबुळीत पायरीवरून कोणाला वर येता येत नाही. धाकटीला पाचवी पायरी दिसू नये आणि पाचव्या पायरीला धाकटी दिसू नये, यासाठी हा टापटिपीचा माणूस महिनाभर घाण सोसत होता. आता ती पावलं त्याच्याचकडून पायऱ्या घासून घेत होती, आणि मी पाच दिवसांत वरचं सगळं साफ करून दिलं.

हातपाय धुऊन मी आत गेलो. ती उभी होती.

“दिसला तळ?”

“दिसला.”

“आणि?”

त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर ती दार उघडून सरळ पाण्यात उतरली असती. पहिल्या पायरीवर, दुसऱ्या पायरीवर, चष्मा हातात घेऊन. हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

“रिकामा आहे,” मी म्हणालो. “काही नाही.”

ती खुर्चीवर बसली. रडेल असं वाटलं. रडली नाही. टेबलावरचा चष्मा तिने उचलला, दोन्ही हातांनी मोडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

“पळाला म्हणजे,” ती म्हणाली. “मेला असता तर बरं झालं असतं. नीच माणूस.”

त्याच्यासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तरी मी होकारार्थी मान डोलावली.

“चल माझ्याकडे,” मी म्हणालो. “आत्ताच. सामान नंतर नेऊ.”

९

महिन्याभराने जबाब द्यावाच लागला. मीच ओरडून मागितला होता.

अधिकाऱ्याने छापील कागद पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत बसला. मी लिहिलं: ‘तलावात शोध घेण्यात आला. काही आढळून आले नाही.’ अक्षर न् अक्षर तेच. याहून बरं वाक्य सापडलं नाही. ‘पाण्याची खोली’ हा रकाना मी सोडून दिला.

त्याने कागद वाचला. रकान्यापाशी थांबला. तो काहीतरी टोमणा मारेल आणि मग मी त्याच्या अंगावर धावून जाईन, अशी मी वाट बघत होतो. मला कोणाच्या तरी अंगावर धावून जायचं होतं.

“पाणी आता कसं आहे?” त्याने विचारलं.

“हिरवं. काल दुसरी बशी सोडली, वीतभरच दिसली. दर आठ दिवसांनी जातो, खत टाकतो.”

“पायऱ्या?”

“वरची बुळबुळीत झालीये. दुसरी अजून नाही.”

त्याने मान हलवली. “वय राहिलं लिहायचं.”

“बासष्ट.”

त्याने स्वतःच आकडा भरला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

“तुमच्यानंतर खत कोण टाकणार, साहेब?”

मी तोंड उघडलं. हा प्रश्न विचारायची तुमची लायकी काय, तुम्ही तेव्हाच बोलला असतात तर, असं बरंच काही तयार होतं.

बाहेर व्हरांड्यात कोणीतरी ब्रशने फरशी घासायला लागलं. खर्र, खर्र, खर्र.

मी मोजायला लागलो. त्याचं पेन कागदावर थांबलं. चार. पाच. तोही मोजत होता. सहा. सात.

आठवा फटका पडला तेव्हा आम्हा दोघांचाही श्वास सुटला.